उरलेल्या तुकड्यांचा हिशेब

भद्रावतीजवळून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावत असतात. चढ लागला की त्यांच्या घरघरीतून एक बारीक शीळ उमटते. ती शीळ टर्बोचार्जरची. आमच्या धर्मग्रामातील आयटीआयमध्ये शिकणाऱ्या एका युवकाला या यंत्राचे भारी वेड. एकदा तो एका जुन्या इटालियन गाडीचे चित्र घेऊन आला आणि म्हणाला, "फादर, ही गाडी ज्या शर्यतीसाठी बनवली, ती शर्यत कधी झालीच नाही. मग बनवणाऱ्यांचे कष्ट वायाच गेले ना?" प्रश्न गाडीचा होता, परंतु भद्रावतीच्या मातीत असा प्रश्न गाडीपुरता राहत नाही.

ती गाडी म्हणजे फेरारी २८८ जीटीओ. १९८४ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ती जगापुढे आली. त्या काळी 'ग्रुप बी' नावाच्या स्पर्धावर्गात उतरायचे, तर त्या नमुन्याच्या किमान २०० गाड्या तयार करणे कारखान्याला बंधनकारक होते. मारानेल्लोच्या कारखान्यात २७२ तयार झाल्या. टर्बो असलेल्या इंजिनाचे आकारमान १.४ ने गुणून धरावे, असा नियम होता. म्हणून इंजीन २८५५ घनसेंटिमीटरचे ठेवले गेले. गुणाकार केला की ते ४००० च्या किंचित आत बसते. दोन टर्बोचार्जर, ४०० अश्वशक्ती आणि ताशी ३०० किलोमीटरच्या पुढचा वेग! एवढी सगळी सिद्धता एका शर्यतीसाठी.

टर्बोचार्जरचे तत्त्व मात्र साधे आहे. इंजिनात इंधन जळते, त्यातील उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा धुरावाटे बाहेर पडून वाया जातो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या वाया जाणाऱ्या शक्तीच्या उपयोगाचे एकस्व घेतले. बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेत एक लहानसे चक्र बसवायचे; धुराच्या झोताने ते मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून इंजिनात भरते. अधिक हवा मिळाली की अधिक इंधन जळते आणि बळ वाढते. जे टाकून दिले जात होते, तेच कामाला लागते. पण हे आपोआप घडत नाही. धुराच्या वाटेत कोणीतरी ते चक्र बसवावे लागते.

ग्रुप बीचा शेवट दुःखद झाला. डोंगरी रस्त्यांवरील रॅलींमध्ये या वर्गातील गाड्यांचे बळ माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. १९८६ च्या मार्चमध्ये पोर्तुगालला एक गाडी गर्दीत घुसली व प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २ मे रोजी कॉर्सिका बेटावर हेन्री तोइवोनेन आणि त्याचा सहचालक सेर्जो क्रेस्तो यांची लान्चिया गाडी दरीत कोसळून पेटली. दोघेही गेले. पुढील वर्षापासून हा वर्गच बंद करण्यात आला. ज्या वर्तुळमार्गावरील शर्यतींसाठी जीटीओ सिद्ध केली होती, त्या भरल्याच नाहीत. माणसांचे प्राण शर्यतीपेक्षा मोलाचे आहेत, हे उशिरा का होईना मान्य झाले, याचे दुःख कोणी करू नये.

परंतु मारानेल्लोच्या अभियंत्यांनी आपले काम अडगळीत टाकले नाही. निकोला मातेराझ्झी हे त्यांतील एक प्रमुख नाव. शर्यतीसाठी वाढविलेल्या जीटीओच्या मोजक्या नमुन्यांतून जे शिकायला मिळाले, त्यातून १९८७ साली एफ४० ही गाडी आली. एन्झो फेरारी यांच्या हयातीत निघालेली ती अखेरची नवी गाडी. १९८८ च्या जूनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे मारानेल्लोला गेले, तेव्हा वृद्ध एन्झो आजारी होते. दोघांचे बोलणे दूरध्वनीवरच झाले. त्याच वर्षी १४ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या आदल्या दिवशी, एन्झो निवर्तले.

येथवर कथा गोड वाटते. पण भद्रावतीत राहणाऱ्या धर्मगुरूला ती येथेच संपविता येत नाही. १९९० च्या दशकात या तालुक्यात एका मोठ्या वीजप्रकल्पासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या. तो प्रकल्प उभा राहिलाच नाही. येथेही सिद्धता झाली, शर्यत झाली नाही. फरक एवढाच की मारानेल्लोत पणाला लागले होते ते कारखान्याचे भांडवल. येथे पणाला लागली ती माणसांची भाकरी. ज्यांचे नाव सातबाऱ्यावरून गेले त्यांना, "देवाच्या योजनेत काहीच वाया जात नाही," असे सांगणे फार सोपे आहे. प्रवचनपीठावरून असे वाक्य उच्चारताना माझी जीभ अडखळते, आणि ती अडखळावी हेच योग्य, असे मला वाटते.

संत योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांच्या भोजनाची कथा आहे. पाच भाकरींनी एवढा समुदाय तृप्त झाला. ज्याच्या हातात भाकरी वाढविण्याचे सामर्थ्य होते, त्या प्रभूला उरल्यासुरल्याची काय गरज? तरीही काही वाया जाऊ नये म्हणून त्याने शिष्यांना तुकडे गोळा करण्याची आज्ञा दिली आणि बारा टोपल्या भरल्या. मला येथे चमत्काराइतकेच ते वाकलेले शिष्य दिसतात. तुकडे आपण होऊन टोपलीत गेले नाहीत. कोणीतरी गवतातून एकेक वेचला.

म्हणून त्या युवकाला मी म्हणालो, "बाळा, कष्ट आपोआप वायाही जात नाहीत आणि आपोआप सार्थकीही लागत नाहीत. ते वेचणारा कोणी आहे की नाही, यावर सारे अवलंबून." आपल्या धर्मग्रामाला कोणाची जमीन परत देता येणार नाही. परंतु ज्या घरातून ती गेली, त्या घरातील नातवंडांचे शिक्षण थांबू नये, हे आपल्याला पाहता येईल. ज्यांना वाचता येत नाही अशा वृद्धांचे अर्ज आणि कागद वाचून देता येतील. हिशेब मागायला निघालेल्यांच्या सोबत चार पावले चालता येईल, मग ते आपल्या धर्माचे असोत वा नसोत. ही कामे किरकोळ दिसतात. त्या संध्याकाळी गवतातील तुकडेही तसेच दिसले असतील.