खुरपं थांबवलंय

खांडबारा,
श्रावण शुद्ध दशमी

चि. छोटी,

गणपतीला तुम्ही सगळे यायच्या आत परस साफ करून घ्यावं, असं तू कळवलंस. मजुरीचे पैसेही पोचले. खुरपणीला बाई आल्या, कामाला लागल्या, आणि दोन तासांत तुझ्या आत्यानंच त्यांचं खुरपं थांबवलं. कारण फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

बाई मावची बोलणाऱ्या, इथल्याच. आपल्याला परसात नुसतं तण दिसतं. त्यांनी मात्र उपटता उपटता तीन ढीग केले: एक शेळीचा, एक भाजीचा आणि एक लांब नेऊन टाकायचा. फुलाची वाट न पाहता, दोन पानं बघून त्यांचा हात ठरलेल्या ढिगाकडे वळत होता. इतकं पक्कं ज्ञान शेजारी बसून काम करतंय आणि आपण त्याला दिवसाची मजुरी देऊन गप्प बसतो, हे मनाला लागलं. मग आत्याही वही घेऊन त्यांच्याजवळ बसली.

भाजीच्या ढिगात पहिला होता केना. त्याची भजी तू लहानपणी खाल्ली आहेस. पण त्याचं फूल कधी नीट पाहिलंस का? सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटून जातं. दोन पाकळ्या ठसठशीत निळ्या, तिसरी अगदीच लहान. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं त्याच्या प्रजातीला कॉमेलिन घराण्याचं नाव दिलं. घराण्यातले दोघे, यान आणि कास्पर, नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारला. दोन मोठ्या पाकळ्या आणि एक लहान, त्या या तिघांच्या, असं लिनिअसनं स्वतःच लिहून ठेवलं आहे. यातल्या यान कॉमेलिननं केरळच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या मोठ्या ग्रंथाच्या संपादनालाही हातभार लावला होता. आणखी एक नवल मातीखाली असतं. केना हलक्या हातानं मुळासकट उपटला की खाली पांढुरकी, मिटलेली फुलं दिसतात. ती कधी उमलत नाहीत, तिथल्या तिथेच त्यांना बी धरतं. वरून कितीही कापा, केना परत येतो तो काही अंशी यामुळेच.

टाकायच्या ढिगात गाजरगवत. हे पुण्यात १९५५ साली दिसलं आणि १९५६ साली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात भारतातली नवी नोंद म्हणून छापून आलं. आज ते नाही असं गाव सापडायचं नाही. अंगाला खाज, श्वासाला त्रास. ते फुलण्याआधीच, हातमोजे घालून उपटायला हवं. त्याच्याबरोबर तुमच्याकडचा माळी एकदांडीही उपटत असेल. एका लांब दांडीवर एकच फूल, मध्ये पिवळं, कडेच्या पांढऱ्या पाकळ्यांना तीन-तीन दाते. जखमेवर आपण जो दगडी पाला चोळतो, तो हाच. गाजरगवतासारखी तीही मूळची अमेरिकेचीच. पाहुण्या दोघी, पण एकीनं घर बळकावलं आणि दुसरी कामाला आली.

आता नीट वाच, कारण घरात लहान मूल आहे. टाकळा आपण पावसाच्या सुरुवातीला कोवळा असताना खातो. त्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या आणि प्रत्येक पर्णिकेचं टोक गोलसर. त्याचाच भाऊबंद कासविंदा. त्याला रानटाकळाही म्हणतात. त्याच्या पर्णिका टोकदार, जोड्याही बहुधा जास्त. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना दरवर्षी होणाऱ्या एका जीवघेण्या आजारामागे कासविंद्याच्या बिया आहेत, हे डॉक्टरांनी २००७ साली दाखवून दिलं. कुंपणावर चढलेल्या कळलावीचंही तसंच. पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं, पाकळ्या वर उलटलेल्या, आधी पिवळ्या-हिरव्या, मग लालभडक. तिचा कंद विषारी आहे. बाळाला तिथे जाऊ देऊ नकोस, पण वेल उपटायलाही सांगू नकोस.

यासाठीच नावं लागतात, छोटे. आपल्या भागाचं हे काम थोडं झालेलंही आहे. थिओडोर कुक हा मूळचा रेल्वेचा इंजिनिअर, पुढे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य. त्यानं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. नंदुरबार १९९८ साली वेगळा जिल्हा झाला आणि २००३ मध्ये डी. ए. पाटील यांनी धुळे-नंदुरबारच्या वनस्पतींवर स्वतंत्र पुस्तक काढलं. पुस्तकात शास्त्रीय नाव मिळतं. झाड कोणत्या ढिगात जायचं ते बाई सांगतात. दोन्ही एका वहीत आलं, तर परसाची खरी ओळख होईल.

तू मोबाइलवरून नाव शोधतेस, शोध. पण नुसत्या फुलाचा फोटो पुरत नाही. पानाची मागची बाजू, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, दांडा गोल की चौकोनी, तोडल्यावर चीक येतो का, शेंग कशी, हे सगळं घे. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेव, म्हणजे आकार कळेल. आणि मोबाइलनं सांगितलं म्हणून काही तोंडात घालू नकोस.

वहीत आतापर्यंत सव्वीस नावं झाली. विहिरीजवळची एक वेल बाईंनाही ओळखू आली नाही; तिला अजून कळीही नाही. तेवढा कोपरा तसाच राहू दिलाय. येताना जुनी वर्तमानपत्रं आण. फुलली की एक फांदी दाबून, वाळवून ठेवू.

तुझी,
आत्या