चौदा कणांची साक्ष

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने वसतिगृहाच्या आठवणी लिहिण्यास सुचविले होते. त्या लिहिणारे पुष्कळ आहेत आणि आमच्याहून रसाळ लिहिणारे आहेत. आमच्या तुकडीतील आम्ही तिघे गेली काही वर्षे एप्रिलमध्ये मलकापूरला येतो आणि शाळेच्या गच्चीवर मुलांना आकाश दाखवितो. पावसाळ्यात आंबा घाटाकडून येणारे ढग येथे आकाशाचे नावही घेऊ देत नाहीत; चैत्र-वैशाखात मात्र ते मोकळे असते. अशाच एका रात्री क्वासारविषयी सांगत असता नववीतील एका मुलीने विचारले, “सर, साडेबारा तासांत नुसते चौदा कण? एवढ्यावरून कसं काय म्हणायचं?” प्रश्न इतका रास्त होता की त्याचे उत्तर विस्ताराने लिहावे असे आम्हांस वाटले.

क्वासार दुर्बिणीतून ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ नावाच्या अशा एका ठिपक्याच्या वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूस सरकलेल्या आहेत हे ओळखले. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. ती जितकी अधिक, तितकी वस्तू दूर, हा तिचा बहुमान्य अर्थ. डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या जे१३४२+०९२८ या क्वासारची ताम्रसृती ७.५४ भरली. म्हणजे त्याचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय सुमारे ६९ कोटी वर्षे होते. आज ते १३८० कोटी वर्षे आहे. आपल्या घाटातील काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा आणि पृथ्वी साडेचारशे कोटींची. तो प्रकाश आपल्या वाटेचा बराच मोठा भाग चालून आला, तेव्हा कुठे पृथ्वी घडली.

त्या क्वासारच्या पोटातील कृष्णविवराचे वस्तुमान ८० कोटी सूर्यांएवढे आहे. ६९ कोटी वर्षांत ८० कोटी सूर्य! वर्षाला एक सूर्य गिळला तरी हिशेब जुळत नाही. शिवाय आत पडणारा वायू तापून इतका प्रकाश फेकतो की तोच मागून येणाऱ्या वायूला ढकलून देतो. म्हणजे भरभर खाण्यालाही मर्यादा आहे. मग हे विवर इतक्या लवकर इतके मोठे झाले कसे? गुऱ्हाळाचा धूर लांबून दिसला की चुलवाण पेटले आहे एवढे कळते. चिपाड किती वेगाने आत जात आहे हे जाळाच्या तोंडाशीच पाहावे लागते. कृष्णविवराच्या तोंडाशी असलेल्या अतितप्त वायूतून क्ष-किरण निघतात, म्हणून खगोलशास्त्रज्ञांना ते हवे असतात.

हे किरण जमिनीपर्यंत येत नाहीत, वातावरण ते अडविते. १९६२ मध्ये रिकार्डो जिआकोनी आणि सहकाऱ्यांनी अग्निबाण वर धाडला तेव्हा सूर्यमालेबाहेरील क्ष-किरणांचा पहिला उगम सापडला. साध्या आरशावर ते सरळ पडले तर आत शिरतात. चपटा दगड पाण्यावर सपाट फेकावा तसे अगदी तिरपे पडले तरच परावर्तित होतात. या तत्त्वावरील दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही घडली आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट उपग्रहातून अवकाशात गेली. एवढ्या दूरच्या क्वासारसाठी मात्र १९९९ पासून फिरणारी ‘चंद्रा’ वेधशाळा लागते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ही वेधशाळा त्या क्वासारकडे ४५ हजार सेकंद रोखून ठेवली गेली आणि हाती आले चौदा कण.

एक जुनी गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आम्ही सहावीत असताना आमच्यातील एकाचा खोकला दोन महिने हटेना. घरचे म्हणाले बाहेरची बाधा आहे, अंगारा-धुपारा झाला. वसतिगृहाच्या गुरुजींनी त्याला एस. टी.ने कोल्हापूरला नेऊन छातीचा फोटो काढून आणला. खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी दाखविलेला अंधुक पांढरा डाग आम्हांस काही केल्या दिसेना. पण डॉक्टरांनी संशय कुठे घ्यायचा हे आधी ठरविले होते, ठरल्या जागी डाग पाहिला, आणि त्यावरही न थांबता थुंकी तपासली. औषध सुरू झाले. आमचा तो मित्र आज नातवंडे खेळवितो.

चौदा कणांचे बळही असेच आहे. क्वासारची जागा इतर दुर्बिणींनी आधीच पक्की केली होती. सारे आकाश धुंडाळून कुठेतरी चौदा कण सापडले असते तर त्यांचे मोल थोडेच. नेमक्या ठरल्या जागी, जेथे भटके कण क्वचितच पडतात, तेथे चौदा पडणे हा योगायोग नव्हे. निरीक्षकांनी चुकीचा पल्लाही लिहून ठेवला: खरा आकडा दहाही असेल, एकोणीसही असेल. विवर एवढे कसे वाढले, हे सांगायला ते कण पुरे पडत नाहीत. तेथून क्ष-किरण येतात, हे सांगायला पुरतात.

या विषयात आपल्याच कोल्हापुरात, १९ जुलै १९३८ रोजी, जन्मलेल्या जयंत नारळीकरांचे मत वेगळे होते. काही क्वासारांची ताम्रसृती अंतरामुळे नसावी, ते जवळही असू शकतील, ही शंका त्यांनी बहुमताविरुद्ध उघडपणे मांडली. १९७९ मध्ये एका आकाशगंगेच्या गुरुत्वाने एकाच क्वासारची दोन प्रतिबिंबे झालेली आढळली. क्वासार तिच्या मागे, म्हणजे दूर असल्याखेरीज हे घडत नाही. आमचे मत बहुमताकडे झुकते. पण याच नारळीकरांनी फलज्योतिषाची परीक्षा घेतली तीही आधी ठरवून मग मोजण्याचीच होती. दोनशे कुंडल्या, निम्म्या हुशार मुलांच्या आणि निम्म्या मतिमंद मुलांच्या. सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या. बरोबर आली सरासरी ४६ टक्के उत्तरे. नाणे उडविले असते तर ५० आली असती. मुलीला आम्ही हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे चौदा जास्त, आणि एवढ्या कुंडल्या कमी!” तिला आमच्याहून लवकर समजले.

तो क्वासार डोळ्यांना दिसत नाही. जागा तेवढी दाखविता येते. एप्रिलमध्ये रात्री दहाच्या सुमारास पूर्वेला चित्रा आणि स्वाती वर आलेल्या असतात. त्यांच्या दरम्यान, स्वातीकडे थोडे सरकून, तो आहे. त्याचे चौदाच कण त्या वेळी टिपले गेले, कारण दुर्बिणीचे तोंड लहान. मलकापूरवर ते कोटींनी येतात आणि सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर हवेत विरतात.