कोकराची वही

मुलांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही काय करता? आजोळी जाता, आंबे खाता, मनसोक्त खेळता. अमेरिकेतील आयोवा राज्यातील खेड्यांतली मुले सुट्टीत काय करतात, हे मी २०१६ साली पाहिले. शेतीचा अभ्यास करण्यासाठी मी तेथे एका शेतकऱ्याच्या घरी राहिलो होतो.

आयोवात जिकडे पाहावे तिकडे मका आणि सोयाबीनची शेते दिसतात. राज्याचे ९९ भाग आहेत. अशा भागाला 'काउंटी' म्हणतात. विद्यापीठातले ज्ञान शेतकऱ्यांच्या घरापर्यंत पोचावे, म्हणून १९१४ साली अमेरिकेत एक कायदा झाला. त्यानुसार काउंटीत कृषी विस्तार कार्यालय असते. ते शेतकऱ्यांना सल्ला देते आणि मुलांसाठी 'फोर-एच' नावाची मंडळे चालवते. डोके, हृदय, हात आणि आरोग्य यांची इंग्रजी नावे 'एच' या अक्षराने सुरू होतात, म्हणून हे नाव पडले.

या मंडळांत मुले स्वतः काम करून शिकतात. कोणी कोंबड्या पाळतो, कोणी भाज्या लावतो, कोणी शिवणकाम करतो. कामाची आणि खर्चाची वहीही ठेवावी लागते. उन्हाळ्यात काउंटीची जत्रा भरते. तेथे परीक्षक प्रत्येकाचे काम पाहून निळी, तांबडी किंवा पांढरी फीत देतात. निळी फीत सर्वांत वरची.

आमच्या घरच्या बारा वर्षांच्या मुलाने एक कोकरू पाळले होते. रोज सकाळी तो त्याच्या हनुवटीखाली हात धरून त्याला दोरीशिवाय चालायला शिकवी. कोकराच्या गोठ्याला लागूनच दाण्यांची कोठी होती. एका संध्याकाळी मी कोठीत गेलो आणि दाराची कडी लावायला विसरलो. रात्री कोकराने मक्याचे दाणे भरमसाट खाल्ले. सकाळी ते पोट फुगून पडले होते! गुरांच्या डॉक्टरांनी त्याला वाचवले, पण त्याचे वजन घटले. मी मात्र लाजेने गप्प राहिलो.

दोन दिवसांनी मुलाने मला आपली वही दाखवली. डॉक्टरांच्या खर्चाखाली लिहिले होते, "चूक माझी. निजण्यापूर्वी दार तपासले नाही."

माझी मान खाली गेली. मी त्याला सारे खरे सांगून टाकले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "दार तुम्ही उघडे ठेवले, पण तपासायचे काम माझेच होते. आता दोन्ही लिहितो."

जत्रेत त्याला तांबडी फीत मिळाली. तेथेच कोकरू विकले गेले. तो डोळे पुसत घरी आला आणि सर्वांत आधी त्याने विक्रीची रक्कम वहीत लिहिली.

मुलांनो, या सुट्टीत एखादे रोप लावा, एखादी कोंबडी पाळा. त्याची वही ठेवा. जमाखर्च लिहा, तशीच आपली चूकही लिहा. माझी चूक त्या मुलाच्या वहीत आहे. ती सांगायला मी दोन दिवस उशीर केला, याचे मला आजही वाईट वाटते.