ताम्हिणीचा चढ आणि डिझेल इंजिनाची उष्णता

पुण्याच्या चांदणी चौकातून पश्चिमेकडे निघालेला पौड रस्ता भूगाव, भुकूम आणि पिरंगुट मागे टाकून कासार आंबोलीस पोहोचतो आणि पुढे पौड, मुळशी जलाशयाचा काठ व ताम्हिणी घाट असा कोकणातील विळ्याकडे उतरतो. विळे-भागाड आणि पिरंगुट या दोन औद्योगिक पट्ट्यांना जोडणाऱ्या या रस्त्यावर जुन्या डिझेल ट्रकचे इंजिन किती ताण सोसते, हे नेमके मोजण्याचे साधन म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंचे तापमान दाखवणारा पायरोमीटर होय, आणि प्रस्तुत प्रवासाचा हेतू तो बसवून घाटात त्याचे निरीक्षण करणे हाच होता.

कासार आंबोलीत ट्रक उभा करून पहिले काम झाले ते मॅनिफोल्डला, म्हणजे सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या बिडाच्या नळीला, भोक पाडून आटे काढण्याचे. हे भोक टर्बोच्या, म्हणजे या वायूंच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, आधीच घ्यावे लागते, कारण टर्बोचे चक्र फिरवताना वायूंची ऊर्जा खर्च होते व भार असताना पलीकडचे तापमान शंभर अंशांनी किंवा त्याहूनही अधिक कमी भरते, म्हणजे पलीकडे बसवलेला काटा चालकाला खोटा दिलासा देतो. बिडाचा कीस टर्बोत गेला तर त्याची पाती खराब होतात, म्हणून टर्बो उतरवून ठेवणे हाच निर्धोक मार्ग मानावा. ग्रीस लावलेला ड्रिल आणि लोहचुंबक यांवर भागवण्याची पद्धत रूढ असली तरी तीत जोखीम उरते. भोकात बसतो तो थर्मोकपल, म्हणजे क्रोमेल व अ‍ॅल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारांचा सांधा, जो तापला की एका अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतका क्षीण विद्युतदाब निर्माण करतो. हा परिणाम भौतिकशास्त्रज्ञ जेबेक यांनी १८२१ मध्ये दाखवून दिला होता. थर्मोकपलची तार लांबवताना साधी तांब्याची वायर जोडल्यास वाचन चुकते.

पौडनंतर रस्ता ज्या जलाशयाच्या काठाने जातो, त्याच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला होता. काठावरच्या चढउतारांत काटा सतत हलत राहतो, आणि घाट उतरताना चालकाने ॲक्सिलरेटर सोडून इंजिनाच्या ओढीवर गाडी धरली की इंधन थांबल्यामुळे तो झपाट्याने खाली येतो.

खरी परीक्षा विळ्याहून माल भरून परतताना होते. डिझेल इंजिनात हवा भरपूर असते आणि इंधन वाढेल तशी उष्णता वाढते. त्यामुळे उंच गिअरमध्ये इंजिन कमी फेऱ्यांवर रेटले, तर प्रत्येक स्ट्रोकला जास्त डिझेल पडते, टर्बो पुरेशी हवा देऊ शकत नाही, काळा धूर निघतो आणि काटा सातशे अंश सेल्सिअसकडे सरकतो. टर्बोपूर्वी सातशेच्या आसपास दीर्घकाळ राहणे धोक्याचे समजले जाते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि त्याच्या मिश्रधातूचा पिस्टन टिकतो तो केवळ खालून उडणाऱ्या तेलामुळे व दर फेरीत आत येणाऱ्या ताज्या हवेमुळे. हा थंडावा अपुरा पडला की पिस्टन व टर्बो दोन्ही जातात. अशा वेळी एक गिअर खाली घेतला असता फेऱ्या वाढून हवा वाढते, दर स्ट्रोकचे इंधन घटते आणि थोड्याच वेळात काटा उतरू लागतो, तर पाण्याचा काटा या सर्व काळात जवळजवळ स्थिर असतो, कारण रेडिएटरमधील पाणी तापण्यास वेळ लागतो. पायरोमीटरची उपयुक्तता नेमकी येथे आहे. गिअर बदलूनही काटा चढाच राहिला, तर तुंबलेला एअर फिल्टर, इंटरकूलरच्या पाईपची गळती किंवा गळके इंजेक्टर तपासावेत.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या ट्रकमध्ये धूर शुद्ध करण्याच्या यंत्रणेसाठी तापमानाचे सेन्सर कारखान्यातूनच बसवलेले असतात, त्यामुळे त्यांच्या नळीला भोक पाडू नये. जुन्या ट्रकच्या मालकांनी मात्र घाटाच्या कामासाठी हे उपकरण अवश्य बसवावे, आणि चढ संपवून थांबल्यावर काटा पुरेसा खाली येईपर्यंत इंजिन सावकाश चालू ठेवावे, म्हणजे टर्बोतील तेल जळत नाही.