घंटा आणि रांगोळी

वसईजवळच्या जूचंद्रच्या चंडिकादेवीच्या पायऱ्या चढून वर पोचलं, की धापा टाकतच हात घंटेकडे जातो. माझ्या पुढच्या बापाने आपल्या चिमुरडीला काखेत धरून उचललं. तिने दोन्ही हातांनी लोलक पकडला, आणि जी सुरू झाली ती थांबेचना. मागून आजी म्हणाली, "पुरं गो बाय, देवी जागीच हाय."

देवळातली घंटा ही अशी, ज्याने त्याने वाजवायची. चर्चच्या घंटेचं तसं नसतं. ती एकाने वाजवायची आणि साऱ्या गावाने ऐकायची. वसईत मात्र या दोन जातींची सरमिसळ झाली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. ते ओझं घाट चढून वर नेलं कुणी आणि कसं, हा प्रश्न मला लढाईपेक्षा मोठा वाटतो. तोफा ओढणारे बैल बखरीत अधूनमधून दिसतात, घंटा ओढणारे मला कधी दिसले नाहीत. एक भीमाशंकराला पोचली. एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या घाटावर. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि शेजारी कृष्णा वाहते. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळावर. गोदेला पूर आला की लोक विचारतात, पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, नारोशंकराच्या घंटेला लागलं का? प्रार्थनेला बोलावण्यासाठी ओतलेला धातू पाणी मोजायला लागला! यापेक्षा चांगली नोकरी त्याला मिळाली नसती.

इकडे चंडिकेच्या पायाशी बायका ओटी भरत होत्या. खण, नारळ, ओंजळभर तांदूळ. ओटी भरताना कुणी घाई करत नाही, हे मला आवडतं. रांगेतली सगळी धक्काबुक्की तिथे विरते.

बाहेर आलं की खाली खाडी, मिठागरं आणि वसई-दिवा मार्गावरची गाडी. आणि जूचंद्र गाव, जे रांगोळीसाठी ओळखलं जातं. दिवाळीत इथले कलाकार जमिनीवर माणसं उभी करतात. डोळ्यातली ओल, म्हातारीच्या गालाची सुरकुती, सगळं चिमटीतून सुटणाऱ्या रंगातून. बघून थक्क व्हायला होतं. तरी खरं सांगायचं तर मला ठिपक्यांचीच रांगोळी जवळची. तिच्यात कुणाचा चेहरा नसतो, त्यामुळे चुकून पाय पडला तरी कुणाची माफी मागावी लागत नाही.