मोलकरणीची गिटार

एलिझाबेथ कॉटन हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. अमेरिकेतील ही कृष्णवर्णीय मोलकरीण. तिची पहिली तबकडी १९५८ साली फोकवेज कंपनीने काढली, तेव्हा तिने वयाची साठी ओलांडली होती. भाच्याने ती मोबाईलवर लावून दिली, आणि गेला महिनाभर रात्री जेवणानंतर मी तीच ऐकतो आहे. आमच्या घरात इंग्रजी गाणी कुणाला समजत नाहीत. तरी भांडी आवरता आवरता मंडळी म्हणते, "तेवढी आगगाडीची लावा हो."

नॉर्थ कॅरोलिनातील कारबरो हे तिचे गाव. घरात तिला धड नाव नव्हते. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी विचारले, तेव्हा तिने आपणच एलिझाबेथ सांगितले! आपल्या दगडू-धोंडूंना हे चटकन समजेल. भाऊ कामावर गेला की ती त्याचा बँजो गुपचूप वाजवी. पुढे शाळा सुटली आणि ती धुणीभांडी, मुले सांभाळणे करू लागली. पगार महिना ७५ सेंट. आईने तो साठवून ३ डॉलर ७५ सेंटला गिटार घेऊन दिली. मी कारकून माणूस, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. पाच महिन्यांचा पूर्ण पगार झाला.

ती डावखुरी. शिकवणारे कुणी नाही. उजव्या हाताची गिटार तिने तशीच उलटी धरली. त्यामुळे इतर वादक अंगठ्याने जाड तारांचा ठेका धरतात, तो हिची बोटे धरतात आणि गाण्याची चाल अंगठा वाजवतो. ऐकताना दोन माणसे वाजवताहेत असे वाटते.

पुढे लग्न झाले, लेक झाली. गिटार सोडून देवाची गाणी गा, असे चर्चमधल्यांनी बजावले आणि गिटार सुटली ती कित्येक वर्षे. वॉशिंग्टनमध्ये एका दुकानात हरवलेली पोर तिने आईकडे पोहोचवली. ते सीगर कुटुंब गाणाऱ्यांचे. त्यांनी तिला कामावर ठेवले. भिंतीवरची गिटार तिने उतरवली, तेव्हा घरच्यांना समजले आपली मोलकरीण कोण आहे ते. त्यांच्या माईकने तिच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रण केले.

आवाज गोड नाही. थकलेला, किंचित थरथरणारा. नुसत्या वाद्याच्या काही चिजा मला सारख्याच वाटल्या. पण आगगाडीचे गाणे, 'फ्रेट ट्रेन', तिने अकरा-बारा वर्षांची असताना रचले, आणि त्यात मेल्यावर रुळाजवळ पुरण्याची गोष्ट आहे. एवढ्या पोरीला मरण का सुचावे?

हेच गाणे तबकडीआधी इंग्लंडला पोहोचले. तिथे दोघांनी ते स्वतःच्या नावावर लावले आणि १९५७ साली ते गाजलेही. भांडल्यावर हक्कात तिचे नाव आले, तेही वाटेकरी म्हणून. आमच्या गायन पार्टीतले म्हातारे गवई कॅसेटच्या वेष्टनावर आपले नाव शोधत बसायचे, ते आठवले.

पुढे मैफली झाल्या. त्या कमाईतून तिने सिराक्यूज शहरात घर घेतले. १९८५ साली नव्वदी ओलांडल्यावर ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९८७ साली ती गेली. तिच्या वादनाची चित्रफीत यूट्यूबवर आहे. मुलांना दाखवा, आणि तिच्या अंगठ्याकडे लक्ष ठेवायला सांगा.