शून्य हप्त्याच्या विम्याची किंमत कोण मोजतो?

अमेरिकेतल्या निवृत्तांच्या आरोग्य विम्याशी आपला काय संबंध, असा प्रश्न काही मित्रांना पडेल. प्रश्न रास्त आहे. आम्ही काम करतो ते उत्तर नागपूरच्या वस्त्यांमध्ये. जातीचे दाखले, रेशनकार्ड, महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे हे आमचे रोजचे विषय. परंतु आपल्या समाजाची एक पिढी शिष्यवृत्ती आणि आरक्षणाच्या बळावर शिकली, त्यातले काही जण ऐंशी-नव्वदच्या दशकात अमेरिकेत गेले आणि आता ते तिथे म्हातारे होत आहेत. त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा आहे तो वरवर पाहता एक फॉर्म भरण्याचा आहे. आत शिरले की तो सरकारी हक्क विरुद्ध खासगी बाजार असा आहे, आणि हा वाद आपल्याकडेही रोज चालतो.

आमचे काका न्यू जर्सीत असतात. इलेक्ट्रिकल इंजिनिअर. २०२५ मध्ये ते ६५ वर्षांचे झाले आणि त्याच वर्षी निवृत्त झाले. एका रविवारी फोनवर जयभीम झाल्यावर म्हणाले, "तुझं कामच योजना समजावून सांगायचं आहे ना? मग आमचीही समजावून सांग. इथं घरी रोज दहा पाकिटं येऊन पडतात, डोकं फिरलंय." पुढचे तीन रविवार आमची संध्याकाळ आणि त्यांची सकाळ याच कामात गेली.

आधी व्यवस्था समजून घेऊ. मेडिकेअर ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची ६५ वर्षांवरील लोकांसाठीची विमा योजना आहे. पार्ट ए म्हणजे हॉस्पिटलचा खर्च, पार्ट बी म्हणजे डॉक्टर आणि तपासण्या, पार्ट डी म्हणजे औषधे. स्वतः किंवा जोडीदाराने दहा वर्षे पगारातून कर भरला असेल तर पार्ट ए ला हप्ता नाही. पार्ट बी चा २०२५ चा सर्वसाधारण हप्ता महिना १८५ डॉलर. डॉक्टरांच्या बिलात २०२५ मध्ये वर्षाचे पहिले २५७ डॉलर आपले होते, त्यानंतरचे २० टक्के आपले. या २० टक्क्यांना वरची मर्यादा नाही, आणि मूळ योजनेचा खरा दोष तोच आहे. बायपास झाली, कॅन्सर निघाला, तरी २० टक्के म्हणजे २० टक्के!

हे भोक बुजवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सरकारी मेडिकेअर तसेच ठेवून त्यावर मेडिगॅप नावाचा पूरक विमा घ्यायचा. तोही खासगी कंपन्याच विकतात, पण बहुतेक राज्यांत जी, एन अशी अक्षरे लावलेले प्रकार कायद्याने ठरलेले आहेत. एका अक्षराचा विमा कोणत्याही कंपनीकडून घ्या, फायदे तेच, फरक फक्त हप्त्यात. दुसरा मार्ग म्हणजे पार्ट सी अर्थात मेडिकेअर ॲडव्हान्टेज. यात सरकारकडून मिळणारे सगळे एका खासगी कंपनीमार्फत घ्यायचे. कंपनी दात, चष्मा, जिमची वर्गणी असे काहीबाही जोडून देते आणि पार्ट बी व्यतिरिक्त बहुतेक वेळा एक डॉलरही हप्ता घेत नाही. आज निम्म्याहून अधिक पात्र ज्येष्ठ याच दुसऱ्या मार्गाने गेले आहेत.

काकांचा कलही तिकडेच होता. "तीस वर्षं खासगी विम्यावरच काढली की! काय बिघडलं?" त्यांच्या ओळखीतल्या एजंटने शून्य हप्त्याचा कागद हातात दिला होता. पूरक विम्याला महिना दीडशे डॉलरच्या वर जाणार होते, औषधांचे वेगळे. इंजिनिअर माणूस, त्यांनी वर्षाचा हिशेब करून आमच्यासमोर ठेवला. हिशेब बरोबर होता. फक्त तो निरोगी वर्षाचा होता.

आमचे म्हणणे एवढेच होते की विम्याचा हिशेब आजारी वर्षाचा करायचा असतो.

शून्य हप्ता देणे कंपनीला परवडते कसे? सरकार प्रत्येक माणसामागे कंपनीला दरमहा ठरावीक रक्कम देते. माणूस जितका आजारी नोंदवला जाईल तितकी रक्कम जास्त. म्हणजे कागदावर आजार जास्त आणि प्रत्यक्षात उपचार कमी, यात कंपनीचा फायदा. अमेरिकन संसदेला मेडिकेअरबाबत सल्ला देणाऱ्या आयोगाचा २०२५ चा अंदाज असा की, हेच लोक सरकारी योजनेत असते तर जेवढा खर्च आला असता त्यापेक्षा सुमारे ८४ अब्ज डॉलर सरकार त्या वर्षात खासगी योजनांना जास्त देणार. 'खासगी म्हणजे स्वस्त' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

आणि उपचार कमी कसे होतात? दोन दारे आहेत. एक नेटवर्कचे: कंपनीच्या यादीतलेच डॉक्टर, यादीतलीच हॉस्पिटले. सरकारी मेडिकेअरला मात्र देशातली जवळजवळ सगळी हॉस्पिटले चालतात. दुसरे दार पूर्वपरवानगीचे. स्कॅन, शस्त्रक्रिया, पुनर्वसन केंद्र, सगळ्याला आधी कंपनीचा होकार लागतो. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्याच महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की खासगी योजनांनी नाकारलेल्या परवानग्यांच्या नमुन्यात १३ टक्के प्रकरणे मेडिकेअरच्या नियमांत बसणारी होती. म्हणजे सरकारी योजनेत तो उपचार मिळाला असता. २०२३ मध्ये नाकारलेल्या परवानग्यांपैकी जेमतेम १२ टक्क्यांवर अपील झाले, आणि झालेल्या अपिलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत कंपनीला निर्णय पूर्ण किंवा अंशतः फिरवावा लागला. नकार द्यायचा, दहातले नऊ जण गप्प बसतात! तलाठी कार्यालयात हेलपाटे घातलेल्या माणसाला हे गणित वेगळे शिकवावे लागत नाही.

काकांच्याच एका मित्राला अर्धांगवायूचा झटका आला. हॉस्पिटलने पुनर्वसन केंद्रात तीन आठवडे ठेवायला सांगितले. त्यांच्या खासगी योजनेने नवव्या दिवशी "आता घरी जाऊ शकतात" असे पत्र पाठवले. माणूस तेव्हा चमचाही धरू शकत नव्हता. त्यांच्या मुलीने डॉक्टरांचे पत्र जोडून तातडीचे अपील केले, त्यावर मुदतवाढ मिळाली. मुलगी वकिली शिकलेली आहे, म्हणून मिळाली, असे काका म्हणाले. त्या फोननंतर काकांनी हिशेबाचा कागद स्वतःच बाजूला ठेवला.

पण आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि एजंट ती क्वचितच सांगतो. वयाची ६५ वर्षे पूर्ण होऊन पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने कोणतीही कंपनी पूरक विमा नाकारू शकत नाही, आजारामुळे हप्ताही वाढवू शकत नाही. ते सहा महिने गेले की न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन ही चार राज्ये सोडून बाकी ठिकाणी, काही ठरावीक अपवाद वगळता, कंपनी तब्येत विचारते आणि दार लावून घेते. न्यू जर्सी या चारांत नाही. ६५ व्या वर्षी पहिल्यांदाच खासगी योजना घेतलेल्याला पहिल्या बारा महिन्यांत परत फिरता येते. त्यानंतर दरवर्षी सरकारी मेडिकेअरमध्ये यायला मोकळीक आहे, पण पूरक विम्याशिवाय, म्हणजे त्याच अमर्याद २० टक्क्यांसह. निरोगी असताना खासगी योजना घ्यायची आणि आजारी पडल्यावर सरकारीत परतायचे, हा बहुतेकांच्या मनातला बेत इथेच फसतो. काकांना मधुमेह आहे आणि एक स्टेंट बसलेला आहे. सहा महिन्यांनंतर त्यांना कोण दारात उभे करणार होते?

काकांनी सरकारी मेडिकेअर, त्यावर जी प्रकारचा पूरक विमा आणि औषधांची वेगळी योजना घेतली. औषधांवरचा खिशातला खर्च २०२५ मध्ये वर्षाला २,००० डॉलरवर थांबत होता, त्यामुळे ती काळजी थोडी कमी झाली. सरकारी बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असेही नाही. जानेवारी २०२६ पासून न्यू जर्सीसह सहा राज्यांत काही निवडक उपचारांसाठी सरकारी मेडिकेअरमध्येही पूर्वपरवानगीचा प्रयोग सुरू झाला, आणि ते काम पुन्हा खासगी तंत्रज्ञान कंपन्यांकडेच दिले आहे. घुसखोरी आतूनही होते.

इथे इतिहासाकडे वळणे आम्हाला आवश्यक वाटते. मेडिकेअरच्या कायद्यावर ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. त्याआधी अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना अनेक हॉस्पिटलांत प्रवेश नव्हता; होता तिथे वेगळा वॉर्ड, बहुधा तळघरात. १९४६ च्या हॉस्पिटल बांधणीच्या कायद्यानेच 'वेगळे पण समान' या नावाखाली या विटाळाला सरकारी पैसा पुरवला होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सांगितले की भेदभाव करणाऱ्याला केंद्राचा निधी मिळणार नाही. १ जुलै १९६६ ला मेडिकेअर सुरू होणार, तर त्याचे पैसे हवे असतील त्या हॉस्पिटलने वॉर्ड एक केले पाहिजेत, अशी अट घालण्यात आली. तपासणीस गावोगाव फिरले. कित्येक दशकांत जे झाले नाही ते काही महिन्यांत झाले. हजारो हॉस्पिटलांनी पाट्या उतरवल्या. हृदयपरिवर्तनाची वाट कुणी पाहिली नाही. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांना यातला अर्थ कळेल. हे सगळे शक्य झाले कारण पैसा सार्वजनिक होता आणि अट घालणारे सरकार होते.

आज त्याच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो ज्येष्ठांचे खासगी योजनांमधले प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे. त्यांना खासगी कंपन्यांचे प्रेम आहे म्हणून नव्हे. ज्याची पेन्शन तुटपुंजी आहे त्याला पूरक विम्याचे दीडशे-दोनशे डॉलर दरमहा काढता येत नाहीत, आणि खासगी योजनेत निदान खिशातल्या खर्चाला वर्षाची कमाल मर्यादा तरी असते. २०२५ मध्ये नेटवर्कमधल्या उपचारांसाठी कायद्याने ती जास्तीत जास्त ९,३५० डॉलर. समाजशास्त्रात आम्ही शिकलो की निवड ही वर्गाच्या आणि वर्णाच्या चौकटीत होते. ते इथे डोळ्यांनी दिसते. म्हणून खासगी योजना घेणाऱ्याला अडाणी ठरवण्याचा उद्योग आम्ही करणार नाही.

अशा माणसाने मात्र आधी एक काम करावे. उत्पन्न कमी असेल तर मेडिकेड, पार्ट बी चा हप्ता भरून देणारे मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅम आणि औषधांसाठीची एक्स्ट्रा हेल्प यांत आपण बसतो का, हे तपासावे. प्रत्येक राज्यात शिप नावाची सरकारी निधीवर चालणारी मोफत सल्ला सेवा आहे. तिथल्या माणसाला कमिशन नसते, एजंटला असते. एवढे करूनही खासगी योजनाच घ्यायची ठरली, तर कंपनीच्या संकेतस्थळावरची डॉक्टरांची यादी प्रमाण मानू नये. आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून योजनेचे पूर्ण नाव सांगून विचारावे. आपल्या गोळ्या यादीत कोणत्या पायरीवर आहेत ते पाहावे. आणि दर सप्टेंबरला येणारे बदलांचे पत्र रद्दीत टाकू नये, कारण यंदाचा डॉक्टर पुढच्या वर्षी यादीत असेलच असे नाही.

त्या पत्राचा आणि आपल्या लोकांचा एक विशेष संबंध आहे. योजना बदलण्याची वार्षिक मुदत असते १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू आणि महापरिनिर्वाण दिनाच्या दुसऱ्या दिवशी बंद! तारखा लक्षात ठेवायला यापेक्षा सोपी खूण नाही. पण दीक्षाभूमीला येऊन चैत्यभूमीपर्यंत थांबणारे निवृत्त लोक नेमके याच दिवसांत भारतात असतात. त्यांनी निघण्याआधीच काम उरकावे. शिवाय सरकारी मेडिकेअर भारतातल्या उपचाराचे पैसे सहसा देत नाही. जी सारख्या पूरक विम्यात प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतल्या तातडीच्या उपचाराचे, २५० डॉलर वजा करून ८० टक्के मिळतात, आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंत. खासगी योजनेत असाल आणि सलग सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलात तर सहसा योजनेतून नावच कापले जाते. ज्या काका-मामांना निवृत्तीनंतर अर्धे वर्ष गावी काढायचे आहे, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विमा हा शासनाचा एकाधिकार असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने पगाराच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे सक्तीचे असावे, अशी मागणी केली होती. ती आयुर्विम्याबद्दल होती, आरोग्य विम्याबद्दल नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे नोंदवतो. परंतु माणसाच्या संकटावर नफ्याचा धंदा उभा राहू नये हा विचार त्यात आहे. आपल्याकडे सरकारी आरोग्य योजनेची कामे विमा कंपन्यांना आणि त्यांच्या मध्यस्थांना देताना 'कार्यक्षमता' हा शब्द फार वापरला जातो. त्या शब्दावर बोलणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी मेडिकेअर ॲडव्हान्टेजच्या पूर्वपरवानगीचे आकडे जवळ ठेवावेत.

काकू काकांपेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. मेडिकेअरमध्ये आपल्या मेडिक्लेमसारखा कुटुंबाचा एकत्र विमा नसतो, प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे त्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे. नोकरी त्यांनी केली नाही. काकांच्या कराच्या नोंदीवर त्यांना पार्ट ए मिळेल. त्यांची ६५ वी मे महिन्यात येते, म्हणून आधीच्या फेब्रुवारीपासून नोंदणी उघडेल. एजंटचा पहिला फोन आताच येऊन गेला. काकूंनी त्याला विचारले, "सहा महिन्यांनंतर पूरक विमा मिळेल का, ते लिहून देता?" त्याने पुन्हा फोन केलेला नाही.